'कशावरून?' : प्रकल्पलेखनातील संदर्भांचा शोध आणि पारख

महाविद्यालयांत प्रकल्पांचे विषय वाटून झाले की एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. विषय हाती पडतो, संगणकावर दोन-तीन शब्द टंकित होतात आणि क्षणार्धात हजारो नोंदी समोर उभ्या राहतात. पहिल्या पाच-सहा नोंदींतील मजकूर इकडचा तिकडे करून एका संध्याकाळी वीस पाने सिद्ध होतात. शेवटी संदर्भसूची जोडली जाते आणि तिच्यात न वाचलेल्या ग्रंथांचीही नावे शोभेसाठी येऊन बसतात. पुढे तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षक त्या वीस पानांतील एका वाक्यावर बोट ठेवतो आणि एकच शब्द विचारतो, 'कशावरून?' विद्यार्थी गडबडतो तो तेथे.

माहितीची टंचाई हा आता विद्यार्थ्यांचा प्रश्न राहिलेला नाही. मिळालेल्या माहितीपैकी कशावर विसंबायचे आणि कितपत विसंबायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर संकेतस्थळांची किंवा पुस्तकांची यादी पाठ करून मिळत नाही. प्रत्येक विधानाला 'कशावरून?' असे विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते. ही सवय नसली तर काय किंमत मोजावी लागते, याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे.

गोखले यांची माफी

सन १८९७. मुंबईत आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले होते आणि नव्या वर्षाच्या आरंभी साथ पुण्यात पसरली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात सनदी अधिकारी रँड यांच्या हाती प्लेग-निवारणाचे काम सोपविण्यात आले. रोगी शोधण्यासाठी गोरे शिपाई घरोघर शिरू लागले. रोग्यांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत हलविण्यात येऊ लागले. शहरात संतापाची लाट उसळली.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते तेथे गेले होते. पुण्यातील मित्रांची पत्रे त्यांना येत होती. शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर त्या पत्रांत होता. गोखले यांनी त्यावर विश्वास ठेवला आणि 'मँचेस्टर गार्डियन' या वृत्तपत्रातून हा आरोप ब्रिटिश जनतेपुढे मांडला. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला. जुलैच्या अखेरीस गोखले मायदेशी परतले व पुरावा जमविण्याच्या प्रयत्नास लागले. परंतु ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्याकडून आरोप शाबीत करण्याजोगे काहीच हाती आले नाही. पत्रलेखकांची नावे जाहीर करून त्यांना संकटात लोटणे गोखले यांना मान्य नव्हते. अखेर त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल स्वकीयांनीही त्यांच्यावर कठोर टीका केली आणि हा डाग पुढे कित्येक वर्षे त्यांना सलत राहिला.

गोखले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. ते अर्थशास्त्राचे अभ्यासू होते, आकड्यांच्या बाबतीत त्यांची काटेकोर ख्याती होती आणि त्याच दौऱ्यात वेल्बी आयोगापुढील त्यांची साक्ष कसोटीला उतरली होती. म्हणजे चूक आळसाची नव्हती आणि अज्ञानाचीही नव्हती. मित्र विश्वासू आहेत, यावरून त्यांनी कळविलेली वार्ताही खरी, असे त्यांनी मानले. त्या मित्रांना ती कोणाकडून कळली, त्यांनी स्वतः काय पाहिले आणि कोणी नाकारल्यास पुढे काय ठेवता येईल, हे प्रश्न विचारायचे राहून गेले. आपल्याकडील न्यायशास्त्रानेही शब्दाला प्रमाण मानले आहे. मात्र बोलणारा विषयाचा प्रत्यक्ष जाणकार असावा आणि जसे जाणले तसेच सांगणारा असावा, ही अट घालूनच. यांपैकी दुसरी अट मित्रांनी पाळली असे धरले, तरी पहिली तपासली गेली नव्हती.

आधी प्रश्न, मग शोध

पुण्यातील प्लेगचाच विषय एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी मिळाला आहे, असे समजू. 'पुण्यातील प्लेग' हा विषय झाला, तो अजून प्रश्न झालेला नाही. 'विलगीकरणाला विरोध झाला तो रोगाच्या भीतीने, की घरात परके शिपाई शिरले म्हणून?' हा प्रश्न झाला. 'साथीमुळे शहरातील मजुरांचे स्थलांतर किती झाले?' हा दुसरा प्रश्न. पहिल्यासाठी वृत्तपत्रे, पत्रे, आत्मकथने लागतील. दुसऱ्यासाठी जनगणना, नगरपालिकेच्या नोंदी, गिरण्यांचे व रेल्वेचे अहवाल पाहावे लागतील. प्रश्न ठरल्याशिवाय कोणता संदर्भ उपयोगी आणि कोणता निरुपयोगी, हे सांगताच येत नाही. शोधयंत्रावर भरकटणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा येथेच असते.

प्रश्न ठरला की शब्दांची यादी करावी. एकाच गोष्टीला निरनिराळ्या काळांत निरनिराळी नावे असतात. इंग्रजी कागदपत्रांत पुणे हे 'पूना' आणि मुंबई ही 'बॉम्बे' आहे. प्लेगला जुन्या मराठीत 'ग्रंथिक सन्निपात' किंवा 'गाठीचा ताप' असेही म्हटलेले आढळते. रँड यांच्या वधाशी जोडलेले बंधू कोठे 'चापेकर' आहेत, तर कोठे 'चाफेकर'. यांतील एकाच रूपाने शोध घेतला तर निम्मे साहित्य नजरेआड राहील. शोधयंत्रात नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातल्यास फापटपसारा कमी होतो. जुनी मराठी पुस्तके व नियतकालिके मात्र अनेकदा केवळ पानांची छायाचित्रे म्हणून महाजालावर ठेवलेली असतात. त्यांतील अक्षरे यंत्राला वाचता येत नाहीत. यंत्राला सापडले नाही याचा अर्थ ते अस्तित्वात नाही असा होत नाही. अशा वेळी पुस्तकाची अनुक्रमणिका आणि सूची स्वतः चाळण्यावाचून गत्यंतर नसते.

कोशापासून दफ्तरापर्यंत

विषयात प्रवेश करण्यासाठी कोशवाङ्मयासारखे साधन नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश आता महाजालावर विनामूल्य वाचता येतो. त्यातील नोंदींखाली लेखकाचे नाव आणि बहुधा संदर्भग्रंथही दिलेले असतात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोशही उपलब्ध आहे; मात्र तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे, हे ध्यानात ठेवून वापरावा. २००१ मध्ये सुरू झालेला विकिपीडिया व २००३ पासूनची त्याची मराठी आवृत्ती यांना अनेक प्राध्यापक प्रकल्पात थारा देत नाहीत. पण तेथील लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडून मूळ ठिकाणी जाण्यास कोणाचीच हरकत नसावी. कोश हा दरवाजा आहे, मुक्कामाचे घर नव्हे. त्यातून आत जावे आणि उद्धृत करावे ते आतल्या साधनाला.

दुसरा टप्पा प्रबंधांचा आणि ग्रंथांचा. देशातील विद्यापीठांत स्वीकारले गेलेले पीएच.डी.चे लाखो प्रबंध गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात विनामूल्य वाचावयास मिळतात. आपल्या विषयावरील एखादा प्रबंध सापडला तर त्यातील पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण व शेवटची ग्रंथसूची प्रथम वाचावी. अनेक महिन्यांची पायपीट तेवढ्याने वाचते. अर्थात प्रबंधांचा दर्जा एकसारखा नसतो, हेही विसरून चालणार नाही. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि 'गूगल स्कॉलर' ही आणखी दोन साधने आहेत. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना सुरू केली. तिच्याद्वारे तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना खुली झाली. आपली संस्था या योजनेत आहे की नाही, याची चौकशी विद्यार्थ्याने ग्रंथपालाकडे अवश्य करावी. ग्रंथपाल हा ग्रंथालयातील सर्वांत दुर्लक्षित संदर्भ आहे.

तिसरा टप्पा मूळ कागदपत्रांचा. मुंबईतील महाराष्ट्र राज्याचे अभिलेखागार, पुण्यातील 'पेशवे दफ्तर' म्हणून ओळखले जाणारे पुराभिलेखागार, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि केसरीवाड्यातील जुन्या अंकांचा संग्रह ही ठिकाणे शहरी विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. तेथे जाण्यापूर्वी महाविद्यालयाचे शिफारसपत्र घ्यावे, सूची कोठे पाहायला मिळते ते विचारून ठेवावे आणि एका दिवसात काम उरकेल या भ्रमात राहू नये. प्लेगने पुण्याला ग्रासले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. अस्सल कागद पाहिल्याशिवाय इतिहास सांगू नये, हा आग्रह महाराष्ट्रात रुजविण्यात त्या मालेचा वाटा मोठा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने राजवाडे व्हावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. एका मूळ कागदाला मात्र त्याने हात लावावा.

साक्षीदार कोण, तो उभा कोठे होता?

साधने हाती आली की पारख सुरू होते. प्लेगच्या विषयातील काही साधने एका ओळीत मांडून पाहिली तर हे काम कसे चालते ते कळेल.

१८८५ मध्ये तीन भागांत निघालेले पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर हे अत्यंत तपशीलवार साधन आहे. साथीपूर्वीचे पुणे, तेथील पेठा, पाणीपुरवठा, व्यवसाय यांसाठी ते मोलाचे आहे. परंतु प्लेगविषयी ते काही सांगू शकत नाही, कारण ते बारा वर्षे आधीचे आहे. साधन उत्तम असूनही प्रश्नाला गैरलागू ठरू शकते, ते असे.

सरकारचे प्लेग-व्यवस्थापनाचे अहवाल आणि १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग आयोगापुढील साक्षी यांत किती घरे तपासली, किती रोगी हलविले, याचे आकडे आहेत. असे अहवाल ज्यांनी मोहीम राबविली त्यांच्याच बाजूने लिहिले जातात. किती घरे तपासली हे त्यांत नेमके कळेल. तपासणी कशी झाली याविषयी मात्र ते स्वतःच्या वकिलासारखे बोलतील.

'केसरी'चे १८९७ चे अंक हे सुशिक्षित पुणेकरांचे मत, संताप आणि शंका यांचे प्राथमिक साधन आहेत. एखाद्या विशिष्ट घरात नेमके काय घडले याचे ते प्रत्यक्ष साधन असेलच असे नाही, कारण बातमीदारही ऐकीव वार्तेवर विसंबलेला असू शकतो. शिवाय विद्यार्थी मूळ अंक पाहतो आहे की भाषांतर, हाही प्रश्न आहे. सरकारी अनुवादक देशी वृत्तपत्रांचे सारांश इंग्रजीत तयार करीत आणि आजही अनेक अभ्यासक सोयीसाठी त्यांचाच आधार घेतात. ते सारांश राज्यकर्त्यांना सावध करण्यासाठी तयार होत असत. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात तर 'केसरी'तील लेखांचे सरकारी भाषांतर सदोष असल्याचा मुद्दा लोकमान्य टिळकांनी स्वतःच्या बचावात जोरदारपणे मांडला होता. मराठी वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याने मराठी लेखाचे मर्म इंग्रजी सारांशातून घेणे म्हणजे घरची विहीर सोडून टँकरची वाट पाहण्यासारखे आहे.

दामोदर चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त हेही प्राथमिक साधनच. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. फाशीची छाया समोर असताना माणूस आपले कृत्य ज्या शब्दांत मांडतो, त्यात त्याच्या मनाचा पुरावा मिळतो. शहरातील सर्व लोकांच्या मनाचा तो पुरावा मानता येणार नाही.

याच घटनेवर नचिकेत व जयू पटवर्धन यांनी १९७९ मध्ये '२२ जून १८९७' हा चित्रपट काढला. अनेकांच्या मनातील प्लेगचे पुणे हे त्या चित्रपटातील पुणे आहे. चित्रपट हे घटनेच्या स्मृतीचे साधन ठरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राने या घटनेकडे कसे पाहिले, हा प्रश्न असेल तर ते प्राथमिक साधनही ठरेल. म्हणजे प्राथमिक आणि दुय्यम हे भेद साधनाच्या कपाळावर लिहिलेले नसतात. प्रश्न बदलला की साधनाची जागा बदलते.

दुय्यम साधनांत स्टॅन्ली वोल्पर्ट यांचा टिळक व गोखले यांच्यावरील १९६२ चा ग्रंथ, बी. आर. नंदा यांचे १९७७ चे गोखले-चरित्र आणि वसाहतकालीन वैद्यकावरील डेव्हिड अर्नोल्ड यांचा १९९३ चा ग्रंथ ही नावे अभ्यासकांना परिचित आहेत. अर्नोल्ड यांच्या पुस्तकात राज्यसत्तेचा प्रजेच्या शरीरावरील अधिकार हा मध्यवर्ती प्रश्न आहे, तर चरित्रकारांसमोर व्यक्तीची जडणघडण हा. एकच ग्रंथ वाचून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला लेखकाचा दृष्टिकोन हीच वस्तुस्थिती वाटू लागते. किमान दोन भिन्न दृष्टींचे ग्रंथ वाचले की कोणत्या मुद्द्यावर मतभेद आहेत ते दिसते आणि प्रकल्पाला खरा विषय तेथेच मिळतो.

आकडा म्हणजे पुरावा नव्हे

आकड्यांपुढे विद्यार्थी लवकर नमतो. मुंबई शहराची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ होती आणि १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. दोहोंची वजाबाकी केली की सुमारे पंचेचाळीस हजार सातशे येतात. 'प्लेगने मुंबईत दहा वर्षांत पंचेचाळीस हजार माणसे मेली' असे वाक्य लिहिण्याचा मोह येथे अनावर होतो. परंतु ही वजाबाकी मृत्यूंची संख्या सांगत नाही. दहा वर्षांत जन्म झाले, बाहेरून मजूर आले, साथीच्या भीतीने हजारो लोक गावी गेले आणि त्यांतील काही परतले, काही नाही. मृत्यू मोजायचे तर मृत्यूंच्या नोंदी पाहाव्या लागतील. विलगीकरणाच्या धास्तीने कुटुंबे रोगी लपवीत असताना त्या नोंदींत प्लेगचे किती मृत्यू दुसऱ्याच आजाराच्या नावावर गेले असतील, हाही विचार करावा लागेल.

कोणताही आकडा घेताना चार गोष्टी टिपाव्यात : तो कोणी मोजला, कोणत्या तारखेला मोजला, नेमके काय मोजले आणि कोणत्या हद्दीत मोजले. 'पुणे' म्हणजे शहर, छावणीसह शहर, की जिल्हा? एवढ्या एका शब्दाने आकडे कित्येक पटींनी बदलतात.

छापले म्हणून खरे?

विज्ञान, वाणिज्य आणि समाजशास्त्रांच्या विद्यार्थ्यांना संशोधन-नियतकालिकांचा आधार घ्यावा लागतो. तज्ज्ञांनी तपासलेला लेख अधिक विश्वासार्ह, हा सर्वसाधारण नियम योग्य आहे. पण 'तज्ज्ञ-परीक्षित' हा शिक्का लावणारे सारेच तो प्रामाणिकपणे लावतात असे नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' या विख्यात नियतकालिकासाठी जॉन बोहानन या पत्रकाराने एक प्रयोग केला. ठळक चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट शोधनिबंध त्याने शुल्क घेऊन छापणाऱ्या ३०४ मुक्त-प्रवेश नियतकालिकांकडे पाठविला. त्यांपैकी १५७ जणांनी तो स्वीकारला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या अशा नियतकालिकांचा सुळसुळाट रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' सूची तयार केली होती. ती २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि दर्जा ठरविण्याची जबाबदारी संस्थांवर आली. आता सूचीकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. संपादक मंडळ कोण, लेख स्वीकारण्यास किती दिवस लागतात, मागील अंकांत काय छापले आहे, हे प्रत्यक्ष पाहावे लागते.

नामवंत नियतकालिकही चुकू शकते. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा लेख 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत तो असंख्य ठिकाणी उद्धृत झाला आणि लशीबद्दलचे भय जगभर पसरले. म्हणून जुना वैज्ञानिक लेख वापरण्यापूर्वी तो मागे घेतला गेला आहे का, हे त्या नियतकालिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासावे. कोणी तरी उद्धृत केला आहे म्हणून तो आजही ग्राह्य आहे, असे धरू नये.

यंत्राने सुचविलेले संदर्भ

२०२२ च्या अखेरीपासून संवाद साधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली विद्यार्थ्यांच्या हाती आल्या. कठीण परिच्छेद समजून घेणे, शोधासाठी पर्यायी शब्द सुचविणे यांसाठी त्यांचा उपयोग होतो. धोका आहे तो संदर्भांच्या बाबतीत. या प्रणाली शब्दांची सुसंगत जुळणी करतात. त्यामुळे खऱ्यासारखे दिसणारे लेखकाचे नाव, ग्रंथाचे शीर्षक आणि पृष्ठक्रमांक त्या सहज रचू शकतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात एका विमानकंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी अशा प्रणालीने पुरविलेले निवाडे सादर केले. ते निवाडे कधी झालेलेच नव्हते. न्यायालयाने त्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. जो संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत, नियतकालिकाच्या अंकात किंवा प्रत्यक्ष पानावर स्वतः पाहिलेला नाही, तो प्रकल्पात येऊ देऊ नये. हा नियम यंत्रासाठी जितका लागू आहे, तितकाच मित्राच्या जुन्या प्रकल्पासाठीही आहे.

नोंद ठेवण्याची शिस्त

पारखून घेतलेली माहितीही नोंदी नीट नसतील तर वाया जाते. प्रत्येक टिपणावर लेखक, शीर्षक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ आणि संकेतस्थळ असल्यास पाहिल्याची तारीख लगेच लिहावी. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरविले असतील तर त्याच क्षणी अवतरणचिन्हे घालावीत. महिन्याभराने आपली आणि दुसऱ्याची वाक्ये वेगळी करता येत नाहीत. पुष्कळशी वाङ्मयचौर्ये या गोंधळातून जन्मतात. दुसऱ्याच्या ग्रंथात उद्धृत झालेले वचन वापरायचे असेल तर मूळ ग्रंथ पाहावा. तो मिळाला नाही तर कोणाच्या आधारे उद्धृत केले, हे स्पष्ट लिहावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सुधारून पुन्हा सादर करावे लागते आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. पण दहा टक्क्यांच्या आत राहण्यासाठी शब्द फिरवीत बसणे हा या नियमाचा अर्थ नव्हे. साम्य मोजणारे यंत्र शब्द मोजते. ते 'कशावरून?' विचारीत नाही, परीक्षक मात्र विचारतो.

जे सापडले नाही त्याचे काय?

शेवटी पुन्हा गोखले यांच्याकडे वळावे लागते, कारण त्या प्रकरणातून घाईने काढलेला उलट निष्कर्षही तितकाच चुकीचा ठरेल. पुरावा मिळाला नाही, माफी मागितली गेली, म्हणजे पुण्यात काहीच घडले नाही, असे लिहिता येईल का? पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल तक्रार केली होती. त्यांचा गोखले यांच्या राजकारणाशी संबंध नव्हता आणि सरकारशी वैर धरण्याचे त्यांना कारणही नव्हते. स्वतंत्रपणे बोलणारा दुसरा साक्षीदार म्हणून ते पत्र विचारात घ्यावेच लागते. शिवाय एकोणिसाव्या शतकातील एखाद्या घरंदाज कुटुंबातील स्त्रीने, ज्या सत्तेचे शिपाई तिच्या घरात शिरले त्याच सत्तेपुढे उभे राहून जबानी द्यावी, ही अपेक्षा किती वास्तव होती? सरकारी दफ्तरात तिचा आवाज नसणे स्वाभाविक होते. कागद नसण्यालाही कारण असते आणि ते कारण शोधणे हाही संशोधनाचाच भाग आहे.

मग विद्यार्थ्याने लिहावे काय? एवढेच, की अत्याचाराचा आरोप झाला. तो ऐकीव पत्रांवर आधारलेला होता. सरकारने तो नाकारला. आरोप करणाऱ्याला तो सिद्ध करता आला नाही. त्याच काळात एका वेगळ्या साक्षीदाराने स्त्रियांच्या वागणुकीविषयी तक्रार नोंदविली होती. आणि ज्या स्त्रियांविषयी हे सारे चालले होते त्यांचे स्वतःचे शब्द उपलब्ध साधनांत आढळत नाहीत. यांतील प्रत्येक उपवाक्यापुढे संदर्भ देता येतो. असे लिहिणे आरोपाइतके सनसनाटी नसते आणि इन्काराइतके सोपेही नसते. पण परीक्षकाने बोट ठेवून विचारले, 'कशावरून?', तर उत्तर टेबलावर ठेवता येते.